तांडेलकाकांची दोरी

तांडेलकाका नेव्हीत होते आणि लढाई मात्र जमिनीवर लढले होते. आमच्या कॉलनीत ही गोष्ट कुणाच्याच गळी उतरायची नाही. नेव्हीवाला म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पांढराशुभ्र गणवेश आणि निळं पाणी येतं. काकांना कुणी विचारलं की ते म्हणायचे, "पाणी होतं ना. कमरेपर्यंत. खाली चिखल." आणि समोरच्याच्या शर्टाकडे बघायला लागायचे, कारण त्याचं एखादं बटण हमखास लोंबत असायचं.

बटणांचं त्यांना वेडच होतं. खिशात पत्र्याची चपटी डबी, तिच्यात सुया, दोरा, छोटी कात्री आणि थोडी बटणं. लोंबतं बटण दिसलं की माणसाला तिथेच उभं करायचं आणि शर्ट अंगावर असतानाच ते शिवून टाकायचं. आमच्या ह्यांच्यावर एकदा ऑफिसला निघता निघता गेटापाशी ही शस्त्रक्रिया झाली. कोपऱ्यावर चार्टर्ड बस हॉर्न वाजवतेय, आणि हे हनुवटी वर करून स्तब्ध. "हलू नका साहेब," काका शांतपणे म्हणाले, "सुई गळ्यापाशी आहे." बस गेली. तो शर्ट पुढे विरून फाटला, बटण मात्र जागचं हललं नाही.

आम्ही गाझियाबादच्या त्या कॉलनीत राहायला गेलो ते नव्वदनंतरच्या दिवसांत. दिल्लीतल्या भाड्याच्या खोल्यांना कंटाळलेल्या सगळ्या नोकरदारांना तेव्हा एकदमच स्वतःचं घर हवंसं झालं होतं. दिल्लीत ते परवडणारं नव्हतं म्हणून आम्ही आधी यमुना ओलांडली, मग हिंडन नदीही ओलांडली, आणि गव्हाच्या शेतांना लागून असलेल्या एका प्लॉटवर येऊन पोचलो. एकाच साच्यातून काढलेली घरं, प्रत्येकाच्या गच्चीवर पुढच्या मजल्याच्या आशेने सोडलेल्या लोखंडी सळया, दर दोन घरांआड वाळूचा ढीग. रस्ता कागदावर होता. टीव्हीवर नवे पंचवीस चॅनेल दिसायचे आणि दाराबाहेर पाय टाकला की घोट्याएवढा चिखल.

सामान उतरवताना आमची मराठीतली भांडणं ऐकून काका आले. उंची बेताची, पाठ ताठ, अर्ध्या बाह्यांचा कडक इस्त्रीचा शर्ट. उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "मी वासुदेव तांडेल, शेजारचा. हर्णैचा. परवानगी असेल तर आत येतो." मी म्हटलं, "या ना, परवानगी कसली?" तर म्हणाले, "जहाजावर पाऊल ठेवण्याआधी विचारायचं असतं. सवय आहे." पुढे सहा वर्षं हा माणूस दिवसातून दोनदा आमच्याकडे यायचा आणि दर वेळी उंबऱ्यावर थांबून विचारायचा. माझी मुलं पहिल्यांदा हसली, मग त्यांनाही सवय लागली. समोरच्या भाटियांच्या घरी जाताना ती दारात उभी राहून परवानगी मागायची आणि भाटियाबाई चक्रावून जायच्या.

काकांचा आणखी एक नाद होता. कुठे काही खुट्ट वाजलं, कुणाला यायला उशीर झाला, कुत्रं वेगळं भुंकलं, की ते उठायचे. "बघून येतो." तुम्ही म्हणा, अहो काका, टाकी भरून वाहतेय एवढंच. "असेल. बघून येतो." म्हणजे ऐकलेल्यावर त्यांचा विश्वासच नव्हता. आमच्या लेकीला शाळेच्या बसने यायला जरा उशीर झाला, तर मी अजून घड्याळाकडेच बघत असायची आणि काका मेन रोडच्या निम्म्या वाटेवर पोचलेले असायचे. कॉलनीतली पोरं त्यांना आधी 'नेव्ही अंकल' म्हणायची. मग त्यांच्यातल्या एका पंजाबी कार्ट्याने 'देखके आता हूं अंकल' असं नाव ठेवलं, आणि तेच टिकलं.

एका सव्वीस जानेवारीला असोसिएशनने त्यांना पार्कात भाषण करायला उभं केलं. पार्क म्हणजे जिथे पार्क होणार होता ती जागा. मुलं पुढे बसली होती, त्यांना तोफा आणि जहाजं हवी होती. काकांनी घसा साफ केला आणि आपल्या हर्णैच्या हिंदीत सांगायला सुरुवात केली की चिखलातून कसं चालायचं. "हमारी टोली सबसे पहले किनारे पे उतरती थी. झंडे गाडना, बोट को रास्ता दिखाना, और फौज उतरने तक किनारा पकडके रखना. फिर साहब लोगों ने कहा, अब जमीन पे ही रहो, बंदूक लो." पोरं सरसावून बसली. "तो पहली बात, एडी पहले नहीं उठाने का. पंजा फैलाने का, बदक का देखा है?" आणि बूट काढून, पायजमा वर खोचून त्यांनी ते करून दाखवलं. पोरांचा हिरमोड झाला. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. पण घरी जाताना त्याच चिखलात भाटियाबाईंची चप्पल रुतली, तेव्हा त्या मनातल्या मनात पंजा फैलावताना मला स्पष्ट दिसल्या.

लढाईबद्दल ते एवढंच बोलायचे. दुसरं महायुद्ध, ब्रह्मदेशातला आराकानचा किनारा, खाड्या, तिवरांचं जंगल आणि चिखल. "आम्ही ना धड खलाशी राहिलो, ना धड शिपाई झालो," असं एकदा म्हणाले होते. पलटणीतले लोक त्यांना मासेवाले म्हणायचे, आणि बोटीवर परत गेले की बोटवाले म्हणायचे, पाय धुऊन या. युद्ध संपल्यावर ते दिल्लीत एका सरकारी ऑफिसात चिकटले आणि समुद्र जो सुटला तो सुटलाच. गाझियाबादच्या बाजारातला मासा त्यांनी कधी तोंडात घातला नाही. "याला मीठ माहीत नाही," म्हणायचे.

सुमनकाकू त्यांच्या अगदी उलट. बोलक्या, चटपटीत, जिभेला धार. दिल्लीतल्या एका मराठी शाळेत त्यांनी जन्मभर शिकवलं होतं. आमची मुलं 'आई, मी खेळून राहिलो' म्हणाली की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "राहिलास ना, मग आता मराठीत खेळ." त्यांनी शिकवलेली माणसं अजून करोल बागेत भेटतात आणि त्यांच्या नावाने अजून सरळ उभी राहतात. लग्नानंतरची सगळी वर्षं दोघांनी करोल बागेतल्या दोन खोल्यांत काढली होती. अविनाश, त्यांचा एकुलता एक मुलगा, तिथेच वाढला. काकू मला त्या गल्लीच्या गोष्टी सांगायच्या, खालच्या सोनाराच्या, समोरच्या शिंप्याच्या, आणि सांगता सांगता एक दिवस माझ्या लक्षात आलं की त्या तीच गोष्ट त्याच बैठकीत दुसऱ्यांदा सांगताहेत.

आधी आम्ही हसण्यावारी नेलं. चहात साखर दोनदा पडते कुणाच्याही हातून. मग त्या मला माझंच नाव विचारायला लागल्या, फार अदबीने. आणि मग दुपारची जेवणं झाली की पर्स काखोटीला मारून दाराशी उभ्या राहायच्या. "घरी जायचंय. उशीर झाला." घर म्हणजे करोल बाग.

सकाळच्या शाळेत शिकवून मी दुपारी घरी असायची, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. एका दुपारी काकांचा डोळा लागला आणि काकू निघून गेल्या. आम्ही सगळे धावलो, हायवेवर, रेल्वेच्या फाटकापर्यंत. सापडल्या त्या दोन गल्ल्या पलीकडे. एक घर अर्धं बांधून झालेलं होतं, भिंती उभ्या, छप्पर अजून नाही. त्याच्या उंबऱ्यावर पर्स मांडीवर घेऊन त्या बसल्या होत्या. घर अगदी त्यांच्या घरासारखंच होतं, त्यांची काय चूक? आतून कुणीतरी दार उघडेल म्हणून त्या वाट बघत होत्या. दाराची चौकट होती, दार लागायचं होतं. काका त्यांच्याशेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "चल, मागच्या दाराने जाऊ." त्या लगेच उठल्या.

त्या दिवसापासून कॉलनीतला प्रत्येक जण काकांना एकच गोष्ट सांगत होता. बाहेरून कडी लावा. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. सहा नंबरवाल्यांच्या म्हाताऱ्या आजोबांना कडी होती, कोपऱ्यावरच्या बीजींना, म्हणजे पंजाबी आजींना, होती. डॉक्टरही तेच म्हणाले. अविनाशने गुरगावहून फोन करून तेच सांगितलं. काका सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि मान हलवायचे. मला एकदा म्हणाले, "ती दार वाजवत राहील आणि मी आत बसून ऐकत राहीन, हे मला जमायचं नाही. बाकी काय वाटेल ते सांगा." हा माणूस कधी कुणाकडे काही मागणारा नव्हता. बायकोच्या दाराला कडी लागू नये, एवढं एकच त्याला शेवटपर्यंत हवं होतं.

मग ती दोरी आली. पांढरी सुती, काकांनी स्वतः तीन पदरी वळलेली, मनगटापाशी काकूंच्या जुन्या मऊ पातळाची पट्टी गुंडाळलेली. दुपारी दोघं आडवी झाली की तिचं एक टोक काकूंच्या मनगटाला, एक काकांच्या. काकू उठल्या की काका उठायचे. आणि उठून त्यांना अडवायचे नाहीत, तर चपला घालून त्यांच्या मागे निघायचे. कधी कोपऱ्यापर्यंत, कधी मेन रोडपर्यंत. बरं वाटत असेल त्या दिवशी बसने, बस बदलून, थेट करोल बागेपर्यंत. दोरी दोघांच्या मध्ये सैल लोंबत असायची. गव्हाच्या शेताकडेने पुढे पर्सवाली बाई आणि मागे ताठ चालणारा म्हातारा, हे दृश्य मला तेव्हा मजेचं वाटायचं.

भाटियाबाईंना ते मजेचं वाटलं नाही. त्या असोसिएशनच्या सेक्रेटरी, मनाने चांगल्या, आणि दुसऱ्याच्या घरातलं त्यांना स्वतःच्या घरातल्यासारखंच दिसायचं. "भाभीजी, आपने देखा? अंकलजीने आंटी को रस्सी से बांध रखा है. जानवर है क्या बिचारी?" मी समजावायचा प्रयत्न केला. "नहीं जी, मेरे से देखा नहीं जाता," म्हणून त्यांनी अविनाशच्या ऑफिसात फोन लावला.

अविनाश पुढच्याच रविवारी आला. सकाळीच काका उंबऱ्यावर येऊन म्हणाले, "आज दुपारी जरा आमच्याकडे बसाल का? अवी येतोय. तिसरं माणूस असलं की आवाज खाली राहतात. मोठ्याने बोललं की ती घाबरते."

अवी एका परदेशी कंपनीत मोठ्या पदावर होता. नवी गाडी, कमरेला पेजर, चेहऱ्यावर दोन रात्री न झोपल्यासारखी कळा. वाईट मुलगा नव्हता तो. काकू मटार सोलत होत्या, दाणे वर्तमानपत्रावर आणि सालं पातेल्यात टाकत. त्यांनी अवीकडे बघून हसून म्हटलं, "बसा ना. जेवून जा आता." अवी बसला.

मग म्हणाला, "बाबा, माझ्याकडे चला. दोघंही. नवव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे, खाली गार्ड आहे. फुल टाइम नर्स ठेवू. आई सेफ राहील."

"आणि ती निघाली की?"

"निघेल कशी? दाराला लॉक असेल ना."

"मग ती दार वाजवेल."

"थोडे दिवस वाजवेल, बाबा. मग सवय होईल." हे बोलताना त्याने आईकडे बघितलं नाही. "आणि हे जे तुम्ही करताय ते काय चांगलं आहे? मला ऑफिसात फोन येतो की तुझे वडील तुझ्या आईला बांधून ठेवतात. मी काय उत्तर देऊ लोकांना?" खाटेच्या दांडीवरची दोरी उचलून त्याने काकांपुढे धरली.

काकांनी ती घेतली. एक टोक काकूंच्या मनगटाला बांधलं, एक स्वतःच्या. काकूंनी नेहमीचं असल्यासारखा हात पुढे केला. "आता तिच्या गाठीचं हे लोंबतं टोक ओढ," ते अवीला म्हणाले. अवीने ओढलं. गाठ एका झटक्यात मोकळी झाली. "ती चालायला लागली तर ही सुटत नाही. पण हे टोक तिच्या बोटांशी असतं, तिला नको वाटलं की तिने ओढायचं. आता माझी सोडव." अवीने खटपट केली. नखं लावून बघितली. गाठ ढिम्म हलेना. "तिला कुठे बांधलंय रे," काका म्हणाले, "बांधलंय मला."

अवीने हात मागे घेतला. पण कडीचा प्रश्न तसाच होता, आणि तो काकांनाही दिसत होता. ते थोडा वेळ मनगटावरच्या गाठीकडे बघत राहिले. मग ज्या गोष्टी त्यांनी पार्कात सांगितल्या नव्हत्या, आणि अवीलाही कधी सांगितल्या नव्हत्या, त्या सांगायला लागले.

"तिवरात हातभरावरचा माणूस दिसत नाही. सकाळी धुकं असलं की आपलाच हात दिसत नाही. आणि आवाज करायचा नाही, जपानी पलीकडच्या काठाला. पलटणवाल्यांची त्यांची पद्धत होती. आम्ही खलाशी, आम्ही दोरी लावली. दोघादोघांची जोडी, मध्ये दोरी. एक ओढ म्हणजे मी आहे. दोन म्हणजे कुणीतरी येतंय. माझा जोडीदार हुसेन. खाडीपलीकडच्या गावचा, आमच्याच बोलीचा. दिवसभर काही बोलायचं नाही, पण दोरी हलली की बरं वाटायचं.

"एका सकाळी गोळीबार झाला आणि थांबला. मी एकदा ओढली. जरा वेळाने पलीकडून एक ओढ आली. म्हटलं, आहे. परत थोड्या वेळाने आली. मी परत उत्तर दिलं. सगळी सकाळ तेच चालू होतं. जागा सोडायची नाही असा हुकूम होता, आणि मी निर्धास्त होतो. धुकं निवळल्यावर दोरी धरून गेलो. भरती आली होती. हुसेन मुळांमध्ये अडकून पाण्यावर होता. पाणी त्याला हलवत होतं आणि दोरी ओढली जात होती."

मटार सोलायचा आवाज तेवढा येत होता.

"भरती कधी लागते ते मला झोपेतही कळायचं रे. दर्यावर जन्मलेला माणूस मी. पण बंदूक देऊन जमिनीवर उभं केलं, तर मी जमिनीवरचा होऊन बसलो. भरती विसरलो. पहिली ओढ त्याची होती की पाण्याची, हे मला अजून माहीत नाही. त्याची असेल तर तो तेव्हा होता. मी उठून बघायला हवं होतं." मग ते अवीला म्हणाले, "दोरी मला उठवायला आहे. दोरीवर भरवसा ठेवून मी पडून राहत नाही. ओढ आली की उठायचं आणि जायचं, एवढंच मला येतं. तू तिला लॉकच्या आत ठेवलंस की ती ओढत राहील, आणि आपण म्हणू, चला, आहे."

अवीने वर बघितलं नाही. काकांनी डबीतली छोटी कात्री काढून स्वतःच्या मनगटावरची गाठ कापली आणि म्हणाले, "आज दुपारी तू झोप तिच्याजवळ. मी नाही येत मध्ये."

मी घरी आले. मला वाटलं होतं, अवी तासाभरात गाडी काढून निघून जाईल. पण थोड्या वेळाने गेट वाजलं म्हणून बघते तर पर्स घेऊन काकू बाहेर पडल्या होत्या, आणि त्यांच्या मागे, वडिलांच्या चपला पायात अडकवून, मनगटाला दोरी असलेला अविनाश. गाडी दाराशी तशीच उभी. काका गेटाचे गज धरून उभे होते. त्यांना त्या दोघांच्या मागे जायचं होतं हे लांबूनही कळत होतं. त्यांनी जाऊ दिलं, आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलले नाहीत. मी चहा नेऊन दिला तो तसाच गार झाला.

पुढचं मला अवीनेच नंतर कधीतरी सांगितलं. बसमध्ये काकूंनी त्याची चौकशी केली. कुठे राहता, काय करता. मग विचारलं, "आई असते का तुमची?" तो म्हणाला, असते. "मग तिला भेटत जा हो अधूनमधून," काकू म्हणाल्या, "एकटी पडली असेल." करोल बागेत त्या गर्दीतून सराईतपणे वाट काढत नेमक्या गल्लीत शिरल्या. त्यांच्या खोल्यांच्या जागी आता गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. त्या समोर उभ्या राहिल्या, वर बघितलं, पदर नीट केला. मग अवीला म्हणाल्या, "चला, घरी जाऊ. उशीर झाला." आणि वळल्या. काकांना हे माहीत होतं. तिथे पोचलं की काकूंचं समाधान व्हायचं आणि त्या परत फिरायच्या. त्यांना फक्त कुणी अडवायला नको असायचं.

त्यानंतर गुरगावच्या नवव्या मजल्याचा विषय निघाला नाही. अवी दर रविवारी यायचा आणि दुपारची दोरी त्याची असायची. भाटियाबाईंना सगळं कळल्यावर त्या माझ्याकडे येऊन चांगल्या रडल्या, आणि आठ दिवसांत लोकरीचा मऊ पट्टा विणून काकांच्या हातात ठेवून गेल्या, आंटीच्या मनगटासाठी. कडीबद्दल मात्र त्या अजूनही अधूनमधून सुचवायच्याच. पंजाबी जिद्द होती ती.

दोन वर्षांनी आमची नागपूरला बदली झाली. तोवर काकू फार पुढे गेल्या होत्या. निघायच्या आदल्या आठवड्यात काका आमच्याकडे आले, परवानगी मागून आत बसले. मग म्हणाले, "आता मी कोण ते तिला माहीत नाही."

मी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

"त्याचं वाईट वाटतं, पण चालेल. भीती दुसरीच आहे. अनोळखी माणूस रोज आपल्या मागे येतो, असं तिला वाटायला लागलं तर? ज्या दिवशी ती मला घाबरेल, त्या दिवसापासून मला तिच्या मागे जाता येणार नाही. मग कडीच." एवढं बोलून ते उठले. ह्यांच्या शर्टाच्या बटणाकडेही त्यांनी बघितलं नाही.

शेवटच्या दिवसांत गॅसचं कनेक्शन, शाळेचे दाखले असल्या कामांसाठी मला रोज दिल्लीला जावं लागत होतं. एका दुपारी मी मेन रोडवरून बस पकडली. पुढच्या थांब्यावर काकू चढल्या, मागून काका. मला त्यांनी बघितलं नाही. काकू खिडकीपाशी बसल्या. काका दांडा धरून सीटच्या कडेला उभे राहिले, हल्ली ते विचारल्याशिवाय शेजारी बसत नसत. दोरी दोघांच्या मध्ये लोंबत होती.

कंडक्टर नवा होता, तरुण. तिकिटं फाडत आला, दोरी बघितली आणि थबकला. मग बसला ऐकू जाईल अशा आवाजात त्याने विचारलं, "अम्मा, ये आदमी कौन है? तंग तो नहीं कर रहा आपको?"

माना वळल्या. मी उठणार होते, माझा हात सीटच्या पाठीवर गेलाही होता. पण काकांचा चेहरा दिसला आणि मी थांबले. ते काकूंकडे बघत होते. मी त्यांना सहा वर्षांत कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं, त्या दिवशी बघितलं. ते एका शब्दाने मध्ये बोलले नाहीत.

काकूंनी वर मान करून त्यांच्याकडे बघितलं. अगदी सावकाश, वर्गात नव्या मुलाकडे बघावं तसं. शर्ट बघितला, पांढरे केस बघितले. कुठलीही ओळख त्यांच्या डोळ्यांत आली नाही.

"मालूम नहीं जी," त्या कंडक्टरला म्हणाल्या. "पर ये मेरे साथ हैं."

मग त्यांनी शेजारची पर्स उचलून मांडीवर घेतली, खिडकीकडे थोडं सरकून जागा केली आणि सीटवर हात थोपटला. काका बसले.